‘रिअलटेक’ हे नाव गेले म्हणून ड्रायव्हर खोटा ठरतो का?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी घरच्या लॅपटॉपवर करतो. विंडोज नव्याने टाकून घेतल्यापासून डिव्हाइस मॅनेजरमधील (विंडोजमधील उपकरणांच्या यादीतील) ‘रिअलटेक’ हे ध्वनीची चिप बनवणाऱ्या कंपनीचे नाव जाऊन तेथे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे दिसते. स्पीकरचा आवाज ठीक आहे, पण जॅकला लावलेला माइक ओळखला जात नाही. इंटरनेटवरून उतरवलेला एक प्रोग्रॅम सांगतो की, माझ्या लॅपटॉपमधील बरेच ड्रायव्हर २००६ सालचे आहेत आणि पैसे भरल्यास ते बदलून मिळतील. काय करावे?
— एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : आधी पैसे भरू नका. आपला ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि उपकरण यांच्यात दुवा साधणारा प्रोग्रॅम, खोटा नाही. तो विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. इंटेलने २००४ साली ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक आणले आणि ते पाळणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या चिप एकाच ड्रायव्हरवर चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच करून ठेवली. म्हणून आवाज येतो. मात्र जॅकमध्ये काय लावले आहे हे ओळखण्यासारखी कामे प्रत्येक मॉडेलच्या जोडणीवर अवलंबून असतात आणि ती बहुधा उत्पादकाच्या ड्रायव्हरलाच नीट जमतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारे नाव ड्रायव्हर पुरवतो, चिप नव्हे. चिपची खरी ओळख पाहायची असेल, तर त्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे ‘१०ईसी’ असे असेल, तर चिप रिअलटेकचीच आहे; ‘८०८६’ हा इंटेलचा क्रमांक. विंडोज कितीही वेळा नव्याने टाकले तरी हा क्रमांक बदलत नाही.

आता २००६ सालाविषयी. विंडोजबरोबर येणाऱ्या अनेक ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम २१ जून २००६ हीच तारीख घालते. एकाच उपकरणाला सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर सापडले, तर विंडोज नंतरच्या तारखेचा निवडते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ड्रायव्हरची तारीख अशी मागे ठेवल्यामुळे उत्पादकाचा ड्रायव्हर बाजूला पडत नाही. म्हणजे ती तारीख ड्रायव्हरचे वय सांगतच नाही, आणि तिच्याच आधारे माणसाला घाबरवून पैसे मागणे मला अत्यंत गैर वाटते. तो प्रोग्रॅम काढून टाकावा.

योग्य ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मिळेल. लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक तेथे घालून आपल्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा. फाइल बरीच मोठी असू शकते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात रेंज राहत नसेल, तर ती बेळगावात उतरवून पेनड्राइव्हवर आणावी. टाकण्यापूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ (काही बिघडल्यास विंडोज पूर्वस्थितीत आणण्याची खूण) करून ठेवावा.

ड्रायव्हर टाकून झाल्यावर ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘डिजिटल साइनर’पुढे, म्हणजे ड्रायव्हरवर डिजिटल सही करणाऱ्याच्या नावाच्या जागी, काय लिहिले आहे ते वाचावे. उत्पादकाच्या ड्रायव्हरपुढे तेथे सामान्यतः ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी पब्लिशर’ असे असते. सही झाल्यानंतर फाइलमध्ये कोणी फेरफार केलेला नाही, एवढी खात्री त्यावरून पटते. तो ड्रायव्हर आपल्या मॉडेलचा आहे की नाही, हे मात्र ती सही सांगत नाही, आणि म्हणूनच तो कोठून घेतला याला महत्त्व आहे. सहीची तपासणी बंद करून ड्रायव्हर टाकू, असे दुरुस्तीवाल्याने सुचवल्यास स्पष्ट नकार द्यावा. माइक तरीही ओळखला गेला नाही, तर त्याची पिन पाहावी : लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांचा एकच सामाईक जॅक असेल, तर दोन काळ्या पट्ट्यांची पिन तेथे चालत नाही, तीन पट्ट्यांचीच लागते.

प्रश्न : टास्क मॅनेजरमध्ये ‘रिअलटेक एचडी ऑडिओ युनिव्हर्सल सर्व्हिस’ सतत चालू दिसते. हा व्हायरस असेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : रिअलटेकच्या ड्रायव्हरबरोबर या नावाची सेवा येतेच. तरी नावावर विसंबू नये. त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या आतल्या ‘ड्रायव्हर स्टोअर’मध्ये असावी आणि तिच्या प्रॉपर्टीजमधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबवर रिअलटेकची किंवा मायक्रोसॉफ्टची सही असावी. फाइल ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये निघाली, अथवा तो टॅबच दिसला नाही, तर इंटरनेट तोडून विंडोज सिक्युरिटीमधून ‘फुल स्कॅन’ करावा.