आधी अहिराणीत बोलू दे

प्रिय बाळा,

सलाम.

मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, एक बाई दर शनिवारी तुझ्याजवळ येऊन बसते, मन मोकळं करते आणि काय बोलावं ते तुला सुचत नाही, म्हणून तू माझ्याकडे बायबलमधल्या वचनांची यादी मागितलीस. यादी पाठवत नाही. रागावू नकोस.

माझ्याकडे होती ना अशी यादी. एकदा मे महिन्यातल्या वादळात चोपड्याकडे केळी आडवी झाली, तेव्हा ओळखीच्या एका घरी भेटायला गेले होते. घड कापणीला आलेले. बाई ओट्यावर बसलेली, हातात केळीच्या चिकाचे काळे डाग. म्हणाली, "ताई, आते पोरनं लगीन कसं करसूत?" तिचं पुरतं बोलून व्हायच्या आत मी रोमकरांस पत्र उघडलं आणि आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन वाचलं. सगळं मिळून कल्याणासाठीच, हेच की. तिनं पदर सावरला, ताठ बसली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "होय ताई, प्रभूची इच्छा." मग चहा दिला. त्यानंतर आजतागायत तिनं मला मनातलं काही सांगितलेलं नाही.

वचन खरंच होतं. पण अहिराणी सोडून ती उपासनेतल्या मराठीत शिरली तेव्हाच दार लागलं होतं, आणि ते मला कळलं परतीच्या एसटीत. आपल्याकडची माणसं प्रार्थना शास्त्राच्या मराठीत करतात आणि रडतात अहिराणीत, मावचीत. तुझ्यासमोर कुणी बोली टाकून पुस्तकी बोलायला लागलं, की समज, आपली घाई झाली.

बायबलमधल्या दुःखानं खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. अम्माऊस गावाच्या वाटेवर तर सगळं ठाऊक असलेला प्रभू येशूच दोन खिन्न शिष्यांना विचारतो, काय बोलत चालला आहात? त्यांचं गाऱ्हाणं पुरतं ऐकतो, शास्त्र त्यानंतर उलगडतो. सुमारे ११ किलोमीटरची वाट होती. गाव आलं तरी आपणहून घरात शिरत नाही, त्यांनी आग्रह केल्यावरच थांबतो.

लोयोलाचा इग्नेशियस कॅथलिक, पण चांगलं ते घ्यावं. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. साधना करवून घेणाऱ्याला तो सांगतो, तराजूच्या काट्यासारखा मधोमध राहा, कुठल्याच बाजूला झुकू नकोस, निर्माणकर्त्याला त्या जिवाशी थेट बोलू दे. आणखी एक त्याचंच: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. तुझी बाई मंडळी सोडायचं म्हणते आहे, तिला एवढं सांगायला हरकत नाही. मात्र घरात मारहाण असेल तर हा नियम तिला लावू नकोस, आधी तिला सुरक्षित जागी ने. झोप उडाली असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील तर डॉक्टर. प्रार्थना सोबत चालेलच.

आता जरा कडू बोलते. आपल्या मंडळ्यांमध्ये चुगलीला एक गोड नाव आहे: 'प्रार्थनेचा विषय'. "अमकीसाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरात जरा..." आणि बुधवारच्या सभेआधी गावभर. तू ऐकलेलं पाळकांनाही तिच्या परवानगीशिवाय सांगू नकोस.

ती तुझ्यावाचून पाऊल टाकेनाशी झाली, तर तुझंच काहीतरी चुकतंय. कवी नारायण वामन टिळकांना, ते ख्रिस्ती होण्याआधी, आगगाडीत भेटलेला तो परका प्रवासी आठव. आधी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, मग नवा करार हाती दिला आणि तो आपल्या वाटेनं गेला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तो प्रवासी कोण होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं तू पाहिलं आहेसच, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तिथेच ये. त्या बाईचं नाव सांगू नकोस. तिचं ऐकताना तुझ्या पोटात काय होतं, तेवढंच सांग. दशम्या मी आणते.

तुझी,
मावशी