माप कुणाचं?

प्रिय मुली,

फॅशनमधल्या मॉडेल बारीकच का लागतात, यावरचा तुझा निबंध दोनदा वाचला. भाषा स्वच्छ, मांडणी नेटकी, आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून तू मोकळी झालीस. मला राग आला तो त्याचाच.

वर्गात आलेल्या त्या डिझायनरांचं म्हणणं तू नीट उतरवलंयस. सॅम्पल, म्हणजे नमुन्याचा पहिला कपडा, एकाच लहान मापाचं शिवतात, तेच रॅम्पवर जातं, तेच मासिकांच्या फोटोंसाठी फिरतं, म्हणून मॉडेल बारीकच लागते. यात सौंदर्याची सक्ती नाही, निव्वळ सोय आहे. ‘याला उत्तर सापडेना,’ असं तू लिहितेस. सापडेल कसं? तू ‘म्हणून’च्या पुढचं तपासत बसलीस, मागचं तसंच सोडलंस. सॅम्पल एकाच मापाचं असतं हे खरं आहे, मी २६ वर्षं तीच कापली. पण ते माप कुणाचं? पॅटर्न काही झाडाला लागत नाही. कुणीतरी टेबलावर कागद पसरतं आणि कमरेची रेघ कुठे मारायची ते ठरवतं. मधल्या मापाचं सॅम्पल कापलं तर थोडं कापड जास्त जाईल. तिथून ग्रेडिंग, म्हणजे लहान-मोठी मापं काढणं, दोन्हीकडे करता येतं. त्या गृहस्थांनी आपला निर्णय आधी सॅम्पलमध्ये शिवून टाकला आणि मग सॅम्पलकडे बोट दाखवून ‘माझा इलाज नाही’ म्हणाले.

सप्टेंबर २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बलाढ्य फ्रेंच फॅशन समूहांनी सनद काढली: फ्रेंच ३२ या अगदी लहान मापाच्या स्त्री मॉडेल आपल्या ब्रँडनी घ्यायच्या नाहीत. माप असं सहीने बाद करता येत असेल, तर आधीही ते कुणाच्या तरी मर्जीनेच चालू होतं ना? हे तुझ्या निबंधात का नाही?

‘बघणाऱ्यांना तेच आवडतं’ हे वाक्य तर काढूनच टाक. त्यांना दुसरं दाखवलं कधी?

माद्रिदवरून तू घाईने पुढे गेलीस. २००६ मध्ये तिथल्या फॅशन शोने १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्या मॉडेलना परत पाठवलं. पावणेसहा फूट उंचीला म्हणजे साधारण ५५ किलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात आना कारोलिना रेस्तोन ही २१ वर्षांची ब्राझिलियन मॉडेल ॲनोरेक्सियाने, म्हणजे वजनाच्या धास्तीने जेवण तोडण्याच्या आजाराने गेली. वजन ४० किलोच्या आसपास. मुळातच शिडशिडीत, ठणठणीत मुलगीही अशा नियमात बाद होते, हा तुझा आक्षेप रास्त आहे. फ्रान्सच्या कायद्याने नुसत्या आकड्यावर न थांबता डॉक्टरांचा दाखला मागितला, ते मलाही जास्त पटतं. पण आकडा चुकला तर आकडा बदलायचा. तेवढ्यावरून ‘दोन्ही बाजू’ म्हणत उठून जायचं नाही.

मी एकदा अशीच उठून गेले होते, म्हणून इतकी कडक बोलते. ट्रायलला एक मुलगी यायची, तुझ्याच वयाची. एका ड्रेसची चेन कमरेवर अडली. आत दोन्ही बाजूंना पाऊण इंच मार्जिन होतं, ते मीच ठेवलं होतं. दहा मिनिटांचं उसवणं. पण मास्तर म्हणाले, सॅम्पलला हात लावायचा नाही. मग मी तिला म्हटलं, ‘दोन दिवस जेवण कमी कर.’ तिसऱ्या दिवशी चेन लागली आणि ती टेबलाला धरून उभी राहिली. घरात पगार माझा एकटीचा होता, मास्तरांपुढे कुणी बोलत नसे, ही कारणं खरी आहेत आणि मी ती अजून धरून आहे. पण माप कुणाचं, हे विचारायला पगार लागत नव्हता. टेप माझ्याच गळ्यात होती.

तिसरा परिच्छेद पुन्हा लिही. माप कुणाचं, यापासून सुरुवात कर.

शनिवारी दुपारी ये. ‘वजन उतरलं की घालीन’ म्हणत वर्षभर घडी करून ठेवलेला तो निळा कुर्ताही आण. बगलेपासून खाली त्यात चांगलं मार्जिन आहे, मी पाहिलंय.

तुझ्या
बाई