गटाला दिलेलं ऑनलाइन काम एकच जण करतो, बाकीचे नाव लावतात. खेड्यातल्या मुलांचं असं मूल्यमापन कसं आखावं?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या मुलांना चौघांत मिळून ऑनलाइन काम दिलं की एक मुलगी सगळं लिहिते, तिघं नाव लावतात, आणि विचारलं तर नेटवर्कचं कारण तयार असतं. मी वाशिम जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे पोट्टे माझ्या चांगले ओळखीचे आहेत.

नेटवर्कचं नंतर बघू. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. माणसं वाढली तसा दर माणशी जोर घटत गेला. पुढे अमेरिकेत बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना टाळ्या वाजवण्यात, ओरडण्यातही तेच दिसलं; शिवाय आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की अंगचोरपणा कमी होतो, हेही दिसलं.

म्हणजे प्रत्येकाचं काम वेगळं दिसायला हवं. पण त्याआधी चौघांची गरज पडेल असं काम हवं. ‘महागाईची कारणे लिहा’ याला चार डोकी लागतातच कशाला? मुलं वेगवेगळ्या गावांत विखुरलेली आहेत, याचा इथे उलट फायदा होतो. मी सोयाबीनचा भाव देतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एक जण आपल्या बाजार समितीतला ठरलेल्या तारखेचा भाव आणतो, दुसरा त्याच दिवशीचा खेडा खरेदीचा, म्हणजे व्यापारी गावातच माल घेतो तो भाव. तिसरी शेतकऱ्याची पट्टी (माल विकल्याची पावती) पाहून हमाली, तोलाई, ओलाव्याची कपात लिहून घेते. चौथा सरकारी खरेदीत माल दिलेल्या कोणाला तरी गाठून पैसे किती दिवसांनी आले ते विचारतो. मग चौघांनी मिळून एकच उत्तर द्यायचं: आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हाती हमीभावापेक्षा किती कमी पडले, आणि का? हे गुगलवर सापडत नाही. एआय सुंदर परिच्छेद लिहून देईल, पण आमच्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या पट्टीवरची हमाली त्याला कुठून ठाऊक असणार?

एकाने दांडी मारली तर गट अडतो, ही भीती खरी आहे. ठरलेल्या तारखेला आकडा आला नाही, तर मी दुसऱ्या गटाचा आकडा काढून देतो. गुण त्या एकाचेच जातात.

२० गुण असतील तर १० आणलेल्या माहितीचे, ५ गटाच्या उत्तराचे, ५ फोनवरच्या पाच मिनिटांच्या तोंडीचे. तोंडीत मी जोडीदाराच्या भागावर विचारतो. ज्याने फक्त नाव लावलंय तो तिथे लगेच उघडा पडतो. मूडल हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर गटाच्या सबमिशनला गुण देताना ते पूर्ण गटाला लावायचे का, असा पर्याय येतो. तो ‘नाही’ करा. कोणी काय टाइप केलं ते दाखवणाऱ्या गुगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीवर मात्र विसंबू नका, कारण आपल्याकडे ज्याच्या फोनला रेंज तोच सगळ्यांचं टाइप करतो.

एकमेकांना गुण द्यायला सांगूही नका. सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात. गावात उद्या तोंड दाखवायचं असतं ना बाप्पा! त्यापेक्षा विचारा, ‘कोणाच्या कोणत्या माहितीमुळे तुमचं आधीचं मत बदललं?’ यावर मुलं मोकळी लिहितात, आणि कोणी काम केलं तेही आपोआप कळतं.

आता नेटवर्क. सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन यावं असं काहीच ठेवू नका. आठ-दहा दिवसांची मुदत द्या; कागदावर लिहिलेल्या पानाचा फोटो चालेल, व्हॉइस नोट चालेल, व्हिडिओ नको. अनेक मुलींकडे स्वतःचा फोन नसतो, भाऊ किंवा वडील रात्री घरी आले की मिळतो. मिश्र व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर उघडा होतो म्हणूनही काही जणी गप्प बसतात, ते आपल्याला आळस वाटतं. मूडल किंवा गुगल क्लासरूममध्ये चर्चा ठेवली तर तो प्रश्न येत नाही.

आणि सोयाबीनची सोंगणी चालू असताना मुदत संपवू नका, अर्धा वर्ग मजुरीला गेलेला असतो. मी दिवाळी झाल्यावरच ठेवतो. तोवर बऱ्याच घरी माल विकून पट्ट्याही आलेल्या असतात.