गुरुजींना विचारा : हिशेब मागणं पाप आहे का?

प्रश्न : गुरुजी, कापणीच्या सणाला आम्ही वीस किलो कापूस दिला. चर्चच्या कंपाउंडसाठी लिलाव झाला, पैसे जमले, कंपाउंड काही उभं राहिलं नाही. बैठकीत मी हिशेब विचारला तर पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, "माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवानं निवडलेल्यांना, हात लावू नका, असं शास्त्रात आहे." सारे गप. सासूबाई म्हणतात, माफी माग. मागू का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : कशाची माफी, ताई? ते वचन बायबलातल्या स्तोत्र १०५ मधलं, पंधरावं. त्याच्या वरच्या तीन ओळी वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब या इस्राएलाच्या पूर्वजांबद्दल आहे ते. मूठभर माणसं, जमीन नाही, आज या राज्यात तर उद्या त्या. त्यांना छळू नका म्हणून देवानं राजांना दटावलं, ते हे शब्द. खुर्चीवाल्यांना सांगितलेलं वाक्य खुर्चीवरूनच तुम्हाला ऐकवलं गेलं!

शौल हा अभिषिक्त राजा, दाविदाच्या जिवावर उठलेला; तरी दाविदानं त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरं. गुहेत शौल आयताच सापडला, तरी दाविदानं त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेही मनाला लागलं. पण बाहेर येऊन, भुईपर्यंत वाकून, तोच काठ दाखवत त्यानं विचारलंच की, लोकांच्या सांगण्यावर का जाता? वाकला, पण गप्प बसला नाही.

बोलताना जीभ घसरली असेल तर तेवढ्यापुरती माफी मागा. प्रमुख याजकाला 'चुना लावलेली भिंत' म्हणून गेल्यावर प्रेषित पौलालाही 'मला ठाऊक नव्हतं' म्हणावं लागलं होतं.

आणि हिशेबाचंच म्हणाल तर बायबलातलं '२ राजे' हे पुस्तक, अध्याय १२ उघडा. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. मग यहोयादा याजकानं एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक, दोघंही असायचे.

मी स्वतः आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. एका सणाला एका म्हातारीनं कोंबडी दिली. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "गुरुजी, माही कोंबडी कितीले गेली?" मी उखडलो, "देवाले देल्यावर हिशेब कायचा?" ती निमूट गेली. घरी वही काढली, तर 'किरकोळ' म्हणून सगळ्यांचा मिळून एकच आकडा. मला सांगताच आलं नसतं.

पुढच्या बैठकीआधी कागदावर लिहून द्या : कंपाउंडसाठी किती जमले, कुठं आहेत. एकट्या जाऊ नका. सासूबाईंनाच सोबत न्या, तो कापूस त्यांनीही वेचला असेल.