आई होण्याची इच्छा आनुवंशिक असते का?

जनुकांचा यात काही वाटा आहे, पण ही इच्छा केवळ त्यांच्यावर ठरत नाही. २०१६ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या अपत्याच्या वेळचे वय आणि अपत्यांची संख्या यांच्याशी निगडित अशा जनुकसंचातील १२ जागा आढळल्या, मात्र त्या सर्व मिळूनही माणसामाणसांतील फरकाचा एक टक्कासुद्धा उलगडत नाही, शिवाय अपत्यांची संख्या म्हणजे इच्छा नव्हे. ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके बाळाची ओढ वाढवतात खरी, पण त्यांचा मुख्य प्रभाव प्रसूतीच्या आणि स्तनपानाच्या काळातला आहे.

इच्छा घडण्यात घराचाही हात असतो. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या नवविवाहित लेकीला, ती झोक्यावर बसण्याआधीच, ‘गोड बातमी कधी?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मनात मायाच असते, तरीही हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलीला स्वतःची ओढ कोणती आणि घराची अपेक्षा कोणती, हे वेगळे करणे फार कठीण जाते. मूल नको वाटणाऱ्या स्त्रीच्या ‘रक्तातच’ काही उणीव आहे, या समजुतीला विज्ञानात कोणताही आधार नाही.