नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी ५० मीटर प्रोनचा, म्हणजे पालथं झोपून नेमबाजीचा, सराव करते. दुकानात ‘पॉइंट २२’ नावाची तीन-चार प्रकारची काडतुसं दिसली. तिच्या रायफलला यातलं कुठलंही चालेल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नाही. नळीवर कोरलेलं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. स्पर्धेच्या रायफलवर ‘.२२ एलआर’, म्हणजे लाँग रायफल, असं असतं. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच काडतुसावर.

‘.२२ शॉर्ट’चा व्यास एलआरइतकाच, पण केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, १५.६ऐवजी फक्त १०.७ मिमी लांब. ते बसतं, उडतंही. मात्र पुढच्या मोकळ्या पाच मिमीत काजळी आणि शिशाचं कडं जमतं. नंतर एलआर घट्ट जातं आणि रिकामी केस बाहेर निघत नाही.

‘.२२ मॅग्नम’ एलआरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, शिरतच नाही. खरा धोका उलट्या बाजूने आहे. मॅग्नमच्या चेंबरमध्ये एलआर सहज सरकतं, पण केसचा व्यास ५.७ मिमी आणि चेंबर ६.१ मिमीहून मोठं. एरवी बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू अडवून धरतं. इथे भिंतच दूर, म्हणून केस उभी चिरते आणि तापलेला वायू, पितळेचे कण बोल्टकडून (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याकडून) डोळ्यांवर येतात. क्लबात दोन्ही रायफली असतील तर काडतुसांच्या पेट्या एका टेबलावर ठेवूच नयेत. नेमबाजीचा चष्मा तर हवाच.

सीसीआय कंपनीच्या ‘स्टिंगर’ काडतुसावर एलआर लिहिलेलं असलं तरी केस सुमारे दोन मिमी लांब असते. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलचं चेंबर आखूड आणि घट्ट, त्यामुळे केसचं तोंड पुढे दाबलं जाऊन दाब वाढतो. ते घेऊ नका.

मॅच चेंबरमध्ये बोल्ट बंद होतानाच गोळी नळीच्या आतल्या पेचदार आट्यांत रुतते. न उडालेलं काडतूस ओढून काढलं तर कधी गोळी आतच राहते आणि दारू बोल्टमध्ये सांडते. म्हणून बार उडवायचा नसेल तर काडतूस भरूच नये.

प्रश्न : घरात परवान्याची .३१५ रायफल आहे. तिला ‘आठ एमएम’ म्हणतात, मग माऊझरचं आठ एमएम काडतूस चालेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ ही ८×५० आर मापाची : केस ५० मिमी, मागे बाहेर आलेली रिम, म्हणजे कड. काडतूस चेंबरमध्ये किती खोल जायचं ते ही रिमच ठरवते. माऊझरची केस ५७ मिमी आणि बाहेर आलेली रिम नाही. गोळीची जाडी जवळपास सारखी म्हणून नावं जुळली, चेंबर जुळलेलं नाही. परवान्यावर नोंदलेल्या बोअरचंच काडतूस घ्या, आणि पेटीवरचं व केसच्या बुडावरचं माप दोन्ही ताडून पाहा.

बोल्टची मूठ नेहमीपेक्षा जड लागली तर जोर लावू नका. काडतूस बाहेर काढून माप पुन्हा बघा. हिरवट डाग पडलेलं किंवा गोळी हलणारं काडतूस बाजूला ठेवा.

आणि बार दबका, फुसका वाजला तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीत पाहा. आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचं काडतूस भरायचं नाही. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळली की नळी फुगते किंवा फाटते.