लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय. कुठला अँटीव्हायरस घेऊ, की सरळ फॉरमॅट मारू?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. कुठल्याशा साइटवरून विकतचा गेम फुकटात उतरवला आणि तेव्हापासून लॅपटॉप रेंगाळतोय. कोपऱ्यात 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असे चौकोन उगवतायत. आणि परवा तुमच्या इन्स्टाग्रामवरून मित्रांना परस्पर लिंक गेल्या. पहिल्या दोन गोष्टी निस्तरता येतील. तिसरीवर मात्र कुठल्याच अँटीव्हायरसचा उतारा नाही, म्हणून सुरुवात तिथून.

लॅपटॉपचं वाय-फाय आत्ता बंद करा. मग फोन घ्या, किंवा ती फाइल ज्यावर कधीच उघडलेली नाही असा दुसरा संगणक, आणि त्यावरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदला. आधी ई-मेलच, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'वाले दुवे तिथेच येऊन पडतात. त्यानंतर बँक, त्यानंतर इन्स्टाग्राम. बाधित लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे नवी किल्लीही चोराच्या हातात देणं.

नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. असल्या फुकट गेमबरोबर हल्ली बरेचदा 'इन्फोस्टीलर' येतो. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि त्यांच्याबरोबर कुकीही. तुम्ही एकदा लॉग-इन केलंत की साइट ब्राउझरला एक चिठ्ठी देते, 'हा आपलाच माणूस, याला परत विचारू नका' अशी. हीच कुकी. ती चिठ्ठी चोराकडे गेली की त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट' करा, म्हणजे जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात. ई-मेलमध्ये आणखी दोन जागा तपासा: रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, आणि मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड करणारा एखादा नियम कुणी घालून ठेवलाय का.

आता लॅपटॉप. हे मी स्वतः भोगलंय. मी फुकटात उतरवलेला झिप, म्हणजे फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, होता एका व्हिडिओ एडिटरचा. झिपला पासवर्ड होता, आणि तो पासवर्ड शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला. तेव्हा मला ते विचित्र वाटलं नाही. नंतर कळलं की पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला बघता येत नाही, तो लावण्यामागे एवढाच हेतू असतो. त्याच फाइलमध्ये पुढची ओळ होती: 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो.' मी केला बंद! दोन दिवसांनी शंका आली म्हणून पूर्ण स्कॅन लावला, तर निकाल चकचकीत, धोका शून्य. मी निर्धास्त. आठवडाभराने विंडोज सिक्युरिटीमध्ये काहीतरी शोधताना 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडली. म्हणजे 'या जागा तपासू नकोस' असं डिफेंडरला, विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, सांगणारी यादी. त्यात एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. ती मी टाकलेली नव्हती. माझ्याच हाताने दिलेली ॲडमिनची परवानगी वापरून त्या इन्स्टॉलरने टाकली होती. स्कॅन खोटं बोलत नव्हता, त्याला बघूच दिलं नव्हतं.

तेव्हा तुम्हीही आधी ती यादी बघा. तुम्ही न टाकलेलं जे काही असेल ते काढा. मग क्षणभर नेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे मालवेअरला, म्हणजे असल्या घातक प्रोग्रॅमला, लपायला किंवा आडवं यायला वाव कमी मिळतो. साधारण 15 मिनिटांचं काम आहे. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या स्कॅनरची मोफत आवृत्ती एकदा फिरवा.

तरीही तुमच्या जागी मी असतो तर फॉरमॅटच मारला असता. मेसेज परस्पर जातायत म्हणजे चोरी बहुधा होऊन गेलीय, आणि आत अजून काय उरलंय हे स्कॅन छातीठोकपणे सांगू शकत नाही. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर बनवा. फोटो आणि कागदपत्रं तेवढी काढून घ्या, प्रोग्रॅम आणि इन्स्टॉलर नकोत.

कोपऱ्यातले चौकोन ही कदाचित निराळीच भानगड असेल. एखाद्या साइटने 'नोटिफिकेशन दाखवू का' असं विचारलं असेल आणि तुम्ही 'अलाऊ' दाबलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्या काढल्या की बंद होतात. त्या चौकोनातला अँटीव्हायरस मात्र चुकूनही घेऊ नका. आगही तेच लावतात आणि बंबही तेच विकतात.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. आत्ता अँटीव्हायरस विकत घेणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पुढच्यासाठी विचाराल तर घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून तो आतच असतो. दुसरा घ्यायचाच असेल तर एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे निकाल बघा, 'टॉप टेन'वाल्या याद्या नकोत. त्यातल्या बऱ्याच जणांना खरेदीमागे कमिशन मिळतं. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि 'मोफत'ची किंमतही बघून घ्या: वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, 2024 मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले होते.

त्यापेक्षा अपडेट टाळू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या मालवेअरने 12 मे 2017 ला जगभर धुमाकूळ घातला, पण तो विंडोजच्या ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. तुमचा लॅपटॉप विंडोज 10 वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. फॉरमॅट करताच आहात तर, मशीन झेपत असेल तर, 11 च टाका.

आणि बॅकअप घेताना 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून बघा, अख्खा उचलू नका. मी अख्खा उचलला होता. सगळं नव्याने टाकून झाल्यावर नीट बघितलं, तर तो झिप शेजारच्या टेक्स्ट फाइलसकट परत हजर होता.